आईची उंची

“टाच खाली, ताई,” धनंजय सर म्हणाले.

शोभाबाईने टाच खाली टेकवली. वर्ध्याच्या जलतरण तलावाशेजारच्या खोलीत, भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीला पाठ लावून ती उभी होती. निवड पोरीची आणि मोजमाप आईचं, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. वर्षाली ओल्या केसांनी समोरच्या बाकावर बसली होती.

पुण्यातल्या वॉटरपोलोच्या निवासी शिबिरासाठी मुली निवडणं चाललं होतं. राहणं, खाणं, शाळा, सगळं तिथेच. वर्षालीला चौदावं संपत आलेलं. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. सकाळी तिने पाण्यात पाय मारत उभ्या-उभ्या चेंडू असा फेकला, की जाळीमागचा माणूस दचकून बाजूला झाला. वेग मोजायच्या यंत्रावर तिच्याएवढा आकडा दुसऱ्या कुणाचाच आला नाही. शोभाबाईने तर मनातल्या मनात पोरीची बॅगही भरून टाकली होती.

सरांनी पट्टीवरचा आकडा वाचला आणि पेन खाली ठेवलं. “मुलगी पुढे किती वाढेल, ते आम्ही आईवडिलांच्या उंचीवरून काढतो. तुमची फारच कमी भरते हो.”

“बाप उंच हाय न् तिचा! दारातून वाकून येते.”

“त्यांची धरली. पण आईचीही धरावी लागते.”

शोभाबाई पट्टीपासून हलली नाही. जन्मभर लोकांनी तिला बुटकी म्हणून चिडवलं होतं, अगदी लग्नाच्या मांडवातसुद्धा, आणि ती हसून सोडून देत आली होती. आज पहिल्यांदा तिला स्वतःच्या अंगाचा संताप आला. कुणाकडेच न बघता ती म्हणाली, “मी सावत्र हाय, साहेब.”

“म्हणजे?”

“तिची खरी माय वारली. पोरगी तान्ही होती तवाच. चांगली उंच होती.” तिने हात वर नेला, आपल्या डोक्याच्या बराच वर, आणि पट्टीवर टेकवला. “एवढी.”

सरांनी वर्षालीकडे पाहिलं. मायलेकींचं नाक एक, कपाळ एक, मान खाली घालायची तऱ्हाही एक. आंधळ्यालाही कळलं असतं. पण ती फेक सरांनाही हवी असावी.

“खरं का गं?”

वर्षालीने शोभाबाईकडे पाहिलं नाही. “हो,” ती म्हणाली.

सरांनी शोभाबाईचा आकडा खोडून दुसरा लिहिला.

दुपारी नावं वाचली, त्यात वर्षाली नव्हती. हिंगणघाटची एक लांब हातांची मुलगी होती, जिचा चेंडू सकाळी जाळीपर्यंत धड पोचलाही नव्हता. शोभाबाई धावतच सरांच्या गाडीपाशी गेली.

“काऊन, साहेब? तिची माय तं उंच होती ना!”

“उंचीचं मी जमवलं होतं, ताई. वरच्यांनी हातांची लांबी धरली. हिचे हात आखूड पडतात.” सरांना खरंच वाईट वाटत होतं. “फेक मात्र छान आहे तिची. सोडू नको म्हणावं.”

सोडू नको! ती फेक घेऊन पोरीने आता कुठे जायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. गाडी निघून गेली.

सिंदी मेघेला घरी जाणाऱ्या ऑटोत दोघी शेजारी-शेजारी बसल्या. वर्षालीने ओला टॉवेल मांडीवर गच्च धरला होता आणि ती बाहेर बघत होती. घर जवळ आलं तेव्हा कुठे शोभाबाईने विचारलं. रागाने नाही; भूक लागली का, असं विचारावं तशा आवाजात.

“मी तं तुह्यासाठी म्हणलं, पोरी. तू काऊन हो म्हणली?”