काही अंशी

"अर्धंच लिवलंय तुमी, सायेब! उरलेलं कुणी गिळलं?"

हिंदुरावानं कागद टेबलावर आपटला. डाव्या हातानं. उजव्याची तीन बोटं महिन्यामागं प्रेसखाली गेली होती. कागद इंग्रजीत होता; त्यातलं त्यानं युनियनवाल्यांकडून ऐकलं होतं. खाली सहीची जागा मोकळी. सही म्हणजे चूक कबूल. चूक कबूल म्हणजे गेटाबाहेर.

साहेब खुर्चीत रेलले. त्या खुर्चीवर नंबर होता, टेबलावर नंबर होता. स्टोअरमधून वस्तू निघाली की तिच्यावर नंबर ठोकायचाच, असा कंपनीचा शिरस्ता.

"बिल्किस, मराठीत सांग याला."

तो कागद टायपिस्ट बिल्किसनंच टाइप केला होता. ती मान खाली घालून म्हणाली, "टू सम एक्स्टेंट. अपघाताला कामगार काही अंशी जबाबदार आहे."

"काही म्हंजी किती?"

"त्याला माप नसतं, भाऊ."

"माप न्हाई? केसाएवढा फरक पडला तर माल भंगारात टाकता. अन् माज्या बोटांना माप न्हाई?"

"आधी टू अ ग्रेट एक्स्टेंट होतं," साहेब म्हणाले. "मोठ्या अंशी! युनियननं हातापाया पडून ते खाली आणलं. उपकार मान आणि सही कर. दोन बटणं दोन हातांनी दाबली तरच प्रेस खाली यावी, म्हणून बटणं दोन. एका बटणात लाकडी पाचर कुणी मारली? मी?"

हिंदुरावानं खिसा चाचपला. पाचर त्यानंच मारली होती. शेडमधले सगळेच मारायचे. एक हात माल सरकवायला मोकळा ठेवल्याशिवाय पाळीचा आकडा गाठणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. आकडा साहेबांचा होता.

बिल्किसनं पेन पुढं केलं.

त्यानं पेन घेतलं नाही. खिशातून पाचर काढली. रक्तानं काळी पडलेली. ती कागदावर ठेवली आणि उरलेल्या दोन बोटांनी उलटी केली.

बिल्किसनं वाकून पाहिलं. तिचा हात तोंडाकडं गेला. पाचरीवर स्टोअरचा नंबर ठोकलेला होता.

"मी चुकलो. काही अंशी लिवा, न्हाईतर मोठ्या अंशी लिवा. पर दर पाळीला ह्या पाचरी आमाला मोजून कोण देत हुतं, सायेब? बोला की!"