टीव्हीवरच्या मुंग्या

उद्यमनगरात मल्लेशचं स्पार्क मशीन होतं. खाली शेड, वर घर. विजेच्या ठिणग्यांनी पोलाद कोरणाऱ्या त्या मशीनचा पॉवर सप्लाय त्यानं स्वतःच्या हातानं जोडला होता आणि त्याचं कौतुक त्याला पोटच्या पोरापेक्षा जास्त. डॉक्टरांनी मिसळ बंद केल्यापासून तर तो बायकोला, शांभवीला, रोज जेवताना देवाची शपथ घेऊन सांगायचा, "दिवसभर मशीनपासनं हललो न्हाय."

इकडं वर्षभर अख्खी गल्ली टीव्हीवरच्या मुंग्यांनी वैतागली होती. केबलवाल्याला शिव्या घालून घालून लोक दमले. शेवटी मल्लेशलाच छडा लागला, की हा प्रताप आपल्याच सप्लायचा. त्यानं आत कॉइल आणि कपॅसिटर बसवले, वरून पत्र्याचा डबा चढवला, आणि ऐन मॅचच्या दिवशी गल्लीभर चित्र आरशासारखं झालं. लोकांनी त्याची मिरवणूक काढायची तेवढी बाकी ठेवली.

मॅच संपल्यावर घरात जमलेल्या शेजाऱ्यांना मल्लेश छाती फुगवून सांगत होता, "साधं गणित हाय की. मशीनवर ठिणगी पडाय लागली, की टीव्हीवर मुंग्या. मी मशीन बंद करून उठलो, की मुंग्या गायब."

चहा घेऊन आलेली शांभवी दारातच थांबली.



"आवं, मग रोज चार वाजता माझी मालिका येवढी लख्ख कशी दिसायची?"