सव्वाचार लाखांचा अंदाज

डॉक्टरांनी पप्पांच्या हृदयात स्प्रिंग टाकायला सांगितली आणि नववीतल्या साक्षीने, कुणी विचारलेलं नसताना, खर्चाचा अंदाज काढून सगळ्या घराला खणखणीत आवाजात वाचून दाखवला. ऑपरेशन, औषधं, खाटेचं भाडं, इतकंच काय, जालन्याला भेटायला येणाऱ्या पाहुण्यांचं चहा-बिस्कीटसुद्धा. एकूण सव्वाचार लाख. बदनापूर स्टेशनवर रिक्षा चालवणारे तिचे पप्पा एवढंच म्हणाले, "आता मला बिलकुल दुखत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या मॅडमचा फोन आला. रेशन कार्डावर सगळं फुकट होणार होतं, फक्त आजच भरती व्हायला हवं होतं. साक्षी उड्या मारतच पप्पांकडे गेली.

"पप्पा, माझा अंदाज चुकला. खर्चा काहीच न्हाई."

"तुझं गणित चुकत न्हाई. रिक्षात बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो मी. मला न्यायला खोटं बोलून राह्यली तू."

आई विनवून थकली, काका ओरडून थकले, पप्पा काही खाटेवरून हलेनात. शेवटी साक्षीने डोळे घट्ट मिटले.

"पप्पा, मागच्या चाचणीत मला गणितात पंचवीसपैकी सहा पडले. पेपरवर तुमची सही मीच केली."

पप्पांनी तिच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं, मग उठले आणि चपला शोधायला लागले.

"चल दवाखान्यात. तिथून परत येऊ दे मला, मंग बघतो तुझ्याकडं."