निरोगी नमुना

रक्ततपासणीच्या प्लेटमधल्या शहाण्णव खळग्यांपैकी शेवटची खळगी फिकट पिवळी असायला हवी होती. ती गडद होती. योगिनीने प्लेट खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, मग मशीनमध्ये ठेवली. आकडा आला नऊशे तीस.

तिने तो वहीत लिहिला आणि हातमोजे काढले.

"पुन्हा किट खराब," डॉक्टर शुभंकर वही बघून म्हणाले. "कंपनीला कळव. नवं मागव."

"हो, सर."

ते खाली गेले. जिना चढता-उतरताना मध्येच थांबून मोबाइल वाचायची सवय त्यांना हल्ली लागली होती.

रत्नागिरीतल्या त्या छातीच्या दवाखान्यात दोन वर्षं एक अभ्यास चालू होता. वरून फुगलेली आणि खालून व्रणासारखी घट्ट झालेली फुप्फुसं असलेले बेचाळीस रुग्ण. दर तीन महिन्यांनी त्यांचं रक्त घ्यायचं आणि त्यातलं एक प्रथिन मोजायचं. फुप्फुसाला इजा झाली की ते रक्तात वाढतं. पाचशेच्या आत असलं तर ठीक.

प्रत्येक प्लेटमध्ये तुलनेला एक निरोगी नमुना लागे. प्रयोगशाळांत यासाठी एक जुनी सवय असते, जो काम करतो तोच हात पुढे करतो. योगिनीने पहिल्याच दिवशी केला होता. ट्यूबवर नाव नसे, फक्त 'निरोगी'. सोनूबाई सिस्टरना तिची शीर सापडत नसे, म्हणून रक्त डॉक्टर स्वतः काढत, यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं करत आणि आपल्या केबिनमधल्या फ्रीजरमध्ये ठेवत. दवाखान्यात इन्व्हर्टर तेवढ्या एकाच खोलीला होता.

पहिलं वर्षभर तिचा आकडा दोनशे चाळीसच्या आसपास राहिला. जानेवारीत सहाशे दहा झाला. एप्रिलमध्ये सातशे ऐंशी. आता जुलै.

प्रत्येक वेळी डॉक्टरांनी किट बदललं होतं. रुग्णांचे आकडे मात्र जुन्या आणि नव्या किटवर सारखेच येत होते. योगिनीला हे जानेवारीतच दिसलं होतं. तिने ते कुणालाही सांगितलं नाही.

तिचे वडील चिरेखाणीत दगड कापत. ती बारावीत असताना ते याच आजाराने गेले. पुढे काय होतं ते तिला माहीत होतं.

एप्रिलपासून तिने मनस्वीला स्वतःची वेणी घालायला शिकवलं. मुलगी नऊ वर्षांची होती. भात लावणं, गॅस बंद करून पुन्हा एकदा तपासणं, शाळेचा अर्ज भरणं, सगळं शिकवून झालं. नवरा दुबईला होता. त्याला फोनवर ती पाऊस किती झाला ते सांगे.

गुरुवारी रावजी आले. जयगडजवळच्या गावातले, तीस वर्षं चिरेखाणीत काढलेले. अभ्यासातले पंधरावे.

"बाय गो, दर तीन म्हयन्यांनी येतो नि तू बाटली भरून घेतंस. माज्या रगताची काय चटनी करतंस?"

"गप बसा हो," सोनूबाई म्हणाल्या. "बिडी ओढताना नाय इतका विचार केलात."

"बिडी सोडली."

"कधी?"

"आताच. दारात."

सोनूबाई हसल्या. डॉक्टर पलीकडे फाइल लिहीत होते. तोंडात नेहमीची लवंग, दमट हवेतही पूर्ण बाह्यांचा शर्ट. ते हसले नाहीत.

रावजींनी हातावरचा कापूस दाबून धरला. "खरा सांग. माजा आकडा चढला ना?"

नियमाप्रमाणे सांगायचं नव्हतं. "थोडा," योगिनी म्हणाली.

"मग ह्या गणपतीला मुंबयवाल्यांना सगल्यांना बोलावतो. म्हायती असला की बरा असतो. सांगायचं ते सांगून टाकता येतं."

त्या संध्याकाळी शेवटचा रुग्ण गेल्यावर योगिनी केबिनच्या दाराशी उभी राहिली. डॉक्टरांनी सुई आणि रिकामी ट्यूब काढून ठेवली होती. नवं किट आलं होतं.

"ये. बस."

ती बसली नाही. "सर, किट खराब नाही."

"कशावरून?"

"तीन किटं झाली. बेचाळीस जणांचे आकडे तिन्हींवर जुळतात. फक्त माझा जुळत नाही. म्हणजे किट बरोबर आहे."

डॉक्टरांनी रिकामी ट्यूब बाजूला सरकवली.

"मला धाप लागत नाही. पण बाबांनाही आधी लागत नव्हती." तिचा आवाज वहीतला आकडा वाचून दाखवावा तसाच होता. "उद्या मला स्कॅन करायचाय. मनस्वीला मालगुंडला आईकडे ठेवीन. आईला आज फोन करणार आहे."

"हे तू कधीपासून मनात धरून आहेस?"

"जानेवारीपासून."

डॉक्टरांनी डोळे मिटले. बाहेर सोनूबाई खुर्च्या ओढून केर काढत होत्या.

"मला वाटलं, किटचं तुला पटलंय," ते शेवटी म्हणाले.

"नाही, सर."

"आईला फोन केलास?"

"अजून नाही."

"करू नकोस."

"सर, आता मला लपवायचं नाही."

"स्कॅनची वेळ घे." ते थांबले. श्वास घेतला. "सकाळची. नाव माझं लिही."

"तुमचं?"

"जानेवारीपासून तुझी ट्यूब मी फेकून देतो, योगिनी. गुपचूप माझा आकडा बघायला, तिच्या जागी फ्रीजरमध्ये माझं रक्त ठेवतो."