कडक घरमालक

“तुम्हाला सवलत मिळणार नाही,” कर कार्यालयातल्या बाई कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाल्या. “ही पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या नावावर आधीच एक घर आहे.”

लिफ्टवाला हसलाच. वीस वर्षं तो लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करत होता आणि स्वतः भाड्याच्या दीड खोलीत राहत होता. म्हणे घर आहे! “बाई, नावात घोळ झाला असेल. जरा नीट बघा ना.”

बाईंनी नीट बघितलं. मग पत्ता वाचून दाखवला, घर घेतल्याचं वर्षही सांगितलं. लिफ्टवाल्याचं हसू जागच्या जागी जिरलं. पत्ता ताईच्या खोलीचा होता. त्या वर्षी तो अकरा वर्षांचा होता. आई आधीच गेली होती, आणि बाप घर सोडून जो गेला तोही त्याच वर्षी.

म्हणजे हे त्या माणसाचे उद्योग! काहीतरी भानगड करायला पोराचं नाव वापरलं, आणि जाता जाता पोरालाच चुना लावून गेला. लिफ्टवाला तणतणत बाहेर पडला. बायकोचा फोन आला, त्याने उचलला नाही. नव्या घरात एकच मोठी खोली होती. सवलतीच्या पैशांतून मध्ये भिंत घातली की मुलीला अभ्यासाला स्वतःची जागा होणार होती. पोरीने भिंतीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता. आता तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

तो तडक ताईकडे गेला. ताई खिडकीशी मशीनवर बसली होती. पाय न थांबवता तिने त्याच्याकडे पाहिलं.

“काय रे, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?”

“ही खोली बापाने माझ्या नावावर करून ठेवलीय! त्यापायी माझी सवलत गेली. पोरीची भिंत गेली. आणि तू तीस वर्षं भाडं भरतेस ते कोणाला? कोणीतरी लुबाडतंय तुला, ताई!”

मशीन थांबलं. ताईने सुई वर केली, कापड सोडवून घेतलं, घडी करून बाजूला ठेवलं.

“बाबांनी? अरे, त्यांना स्वतःच्या सदऱ्याची बटणं सांभाळता येत नव्हती, ते खोली घेणार होते? खोली मी घेतली. आईचं सोनं मोडलं, आणि दोन वर्षं शाळेचे गणवेश शिवले त्याचे पैसे घातले.”

“मग माझ्या नावावर का?”

“माझं लग्न ठरलं होतं ना तेव्हा. माझ्या नावावर घेतली असती तर सासरच्यांनी उद्या विकायला लावली असती. मग तू कुठे गेला असतास? त्यांना हे कळलं आणि लग्न मोडलं. बरंच झालं. त्यांना सून हवी होती की खोली, ते फुकटात कळलं.”

ती हसली. त्याला हसता येईना.

लहानपणी ताई सारखी ओरडायची. भिंतीवर चेंडू मारू नकोस, घरमालक हाकलून देईल. दार आपटू नकोस, घरमालक फार कडक आहे. हा घरमालक त्याने कधी पाहिला नव्हता, पण त्याच्या धाकाने तो घरात दबकत दबकतच मोठा झाला होता.

“ताई, मग तो कडक घरमालक...”

“तूच. दुसरं कोण असणार? तुझीच भीती तुला घातली. नाहीतर एक भिंत शाबूत ठेवली नसतीस, मेल्या!”

लिफ्टवाला मटकन खाली बसला. “कधी सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर खोली विकून मला तुझ्याकडे नेऊन बसवलं असतंस. तुझी बायको सोन्यासारखी आहे रे, पण एका म्यानात दोन तलवारी कशाला? माझं मशीन, माझी गिऱ्हाइकं, माझी खिडकी. मला इथेच बरं वाटतं.” मग तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “पण तुझी सवलत माझ्यापायी गेली. तेव्हा एवढं सुचलं नाही बघ.”

हे मात्र त्याला ऐकवेना. “सवलतीचं मरू दे, ताई. मी उद्याच ही खोली तुझ्या नावावर करतो.”

“राहू द्या, मालक. भाडं वाढवू नका म्हणजे झालं.” ताईने गळ्यातली टेप काढली आणि पेन्सिल शोधू लागली. “पोरीच्या त्या भिंतीचं माप सांग. जाड दुहेरी कापडाचा पडदा शिवते, वरपासून खालपर्यंत. पलीकडून आवाजसुद्धा यायचा नाही. रंग कुठला म्हणत होती ती?”

त्याने लांबी-उंची सांगितली. रंग सांगताना मात्र त्याचं नाक वाहू लागलं, आणि ताईने एक चिंधी त्याच्या अंगावर फेकली.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. बायको दारातच उभी होती. “अहो, फोन का उचलत नव्हता? जीव टांगणीला लागला होता माझा! मिळाली का सवलत?”

“मिळाली.”

“खरंच? कधी जमा होणार?”

“झाली,” लिफ्टवाला बुटांची नाडी सोडत म्हणाला. “मी अकरा वर्षांचा होतो, तेव्हाच.”