शेजारणीचा जबाब

"डेस्मंडला किती वर्षं ओळखता?"

"लंगोटात होता तेव्हापासून," मिस ओडेसा म्हणाल्या. "पुढचं विचारा."

चौकशी अधिकारी हसला नाही. व्हरांड्यात समोर ठेवलेल्या बर्फ घातलेल्या थंड चहालाही त्यानं हात लावला नाही. शेजारच्या डेस्मंडला नॉरफोकच्या गोदीत युद्धनौकांच्या रडारचं काम मिळालं होतं, पण सरकारनं गुप्त कामाची परवानगी दिली तरच. त्यासाठी हा पाहुणा गल्लीत दारोदार फिरत होता.

"त्याला कधी गांजा ओढताना पाहिलंत?"

आली पंचाईत! व्हर्जिनियात गांजा चालतो, वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारला चालत नाही. आणि गेल्या उन्हाळ्यात, आईला पुरल्यावर, डेस्मंड मागच्या अंगणात दोनदा ओढत बसला होता. दुसऱ्यांदा मिस ओडेसांनी कुंपणावरून त्याला असं झापलं, की पोरानं पुन्हा हात लावला नाही. हो म्हणावं तर त्याची नोकरी जाते. नाही म्हणावं तर चाळीस वर्षं चर्चमध्ये पोरांना खरं बोलायला शिकवत आलेली बाई सरकारशी खोटं बोलते.

सकाळीच डेस्मंड येऊन गेला होता. "मिस ओडेसा, आज तो माणूस येईल. जे असेल ते सांगून टाका, माझी काळजी करू नका."

बिचारा! इकडची भली माणसं हवं ते तोंड उघडून कधी मागत नाहीत, समोरच्यानंच ओळखायचं असतं. मिस ओडेसांनी ओळखलं होतं.

"गांजा? आमचा डेस्मंड?" त्या ठसक्यात म्हणाल्या. "छे!"

"वाससुद्धा आला नाही?"

"माझं नाक शाबूत आहे, साहेब. कधीच नाही."

"पुन्हा एकदा विचार करा."

"बायबल आणू का? हात ठेवून सांगते."

त्यानं शब्द न् शब्द उतरवून घेतला, खाली त्यांची सही घेतली. मिस ओडेसांना एकदम हलकं वाटलं. पाप लागलं तर लागू दे, पोराची नोकरी तर वाचली.

"अडचण अशी आहे मॅडम," तो म्हणाला, "त्या दोन्ही वेळा डेस्मंडनं स्वतःहून सांगितल्यात. तुम्ही झापलंत तेसुद्धा. एवढ्या खरेपणावर त्याचं काम होणारच होतं, फक्त तुमचा दुजोरा हवा होता. आता मला सांगा, हे खोटं बोलायला त्यानं तुम्हाला कधी पढवलं?"