पाट्याची पालथी बाजू

"आवं आबा, ह्या पाट्याला खालनं कायतरी लिवलंय बगा!" भागुबाई ओरडली.

पाट्या-वरवंट्याला टाकी लावत ती गावोगाव फिरायची. वर्षातून एकदा भामाबाईचा गुळगुळीत झालेला पाटा खरखरीत करून द्यायची. आज जाडी किती उरली ते बघायला तिनं तो उलटा केला, तर पालथ्या बाजूला माती बसलेली अक्षरं. रखमाजीच्या हातातली चहाची गाळणी हातातच राहिली. अक्षरं असलेला एक दगड सगळं गाव सहा महिने हुडकत होतं.

रखमाजी आणि भामाबाईची चहाची टपरी पुलाच्या तोंडाशी होती. शिरूरकडून दौंडला जाणारा जुना रस्ता घोड नदीच्या काठाकाठानं येतो आणि एक ओढा ओलांडतो, तिथला हा पाच कमानींचा दगडी पूल. गाड्या बंद झाल्यापासून पुलाला बरे दिवस आले होते. रविवारी पुण्याचे सायकलवाले हेल्मेट घालून यायचे. कुरकुंभच्या कंपन्यांतले लोक बायकापोरांना घेऊन फिरायला यायचे. पूल चालून झाला, फोटो काढून झाले, की सगळे टपरीवर भाकरी आणि पाट्यावरची चटणी खायला बसायचे. "मावशी, मिक्सरची नको हं," असं बजावायचे. या चटणीवर म्हातारा-म्हातारीचं बरं चाललं होतं.

पण रस्ता रुंद करायचा म्हणून पूल पाडायचं घाटत होतं. पूल शंभर वर्षांचा ठरला, तरच तो चालायला आणि सायकलींना कायमचा राहणार होता. कचेरीतले कागद वाळवीनं कधीच खाल्ले होते. कठड्यात सालाच्या दगडाची खोबण तेवढी होती, दगड नव्हता.

"त्यो गोऱ्या सायबानं जाताना इलायतेला नेला," हुडकून दमलेल्यांना रखमाजी सांगायचा. हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं, की दगड बोटीत चढवणारा साहेब आता त्याला स्वतःलाच दिसायला लागला होता. पूल इंग्रजांचा, याबद्दल कुणी शंका घेत नव्हतं. आपल्याकडं दगडी आणि टिकलेलं काही दिसलं, की ते इंग्रजांचंच असतं.

शंका घेणारा एकच होता, रखमाजीचा बाप म्हाळू. "ह्यो पूल आमी बांधलाय रं," असं तो मरेपर्यंत सांगत राहिला. गाव हसायचं. ज्यांना खरं आठवत होतं ते एकेक करून नदीकाठी जळून गेले, आणि मागं राहिलेल्यांना 'ब्रिटिशकालीन' हा शब्द भारी आवडायचा. बाप बोलायला लागला की रखमाजीही हसायचा. कधी कधी सगळ्यांत मोठ्यांदा.

"ह्यो पाटा आपल्यात आला कुठनं गं?" त्यानं बायकोला विचारलं.

"मामंजींनीच आणलाय की. पुरात कठड्याचा दगूड निखळला हुता, त्यो. अक्षरात चटणी आडकती म्हून गुळगुळीत बाजू वर केली, आसं सांगायचं. तुमी हुडकताय त्यो इंग्रजाचा दगूड ह्योच आसंल, हे माज्या ध्यानातच न्हाई आलं."

रखमाजीला हर्ष झाला. पूल वाचला! इंग्रजाचा दगड घरातच निघाला, आणि सरकारी खात्याची मोठी म्याडम तर आजच पुलाच्या तपासणीला येणार होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. त्यानं काथ्या घेतला, पाणी ओतलं आणि घासायला बसला. अक्षरं वर यायला लागली. ती इंग्रजी नव्हती. सातवीपर्यंत शिकलेला रखमाजी बोट फिरवत वाचू लागला.

'गावकऱ्यांच्या श्रमदानातून. मुकादम म्हाळू बिरा कोळपे. सन १९५६.'

त्यानं दुसऱ्यांदा वाचलं. अंगठेबहाद्दर बाप जन्मभर स्वतःच्या नावावर वाटलेली चटणी खात आला, आणि ते न कळताच गेला. रखमाजीला बापाची कीव आली, आणि आपलं ते हसणं आठवून स्वतःची लाज वाटली. पाटा खांद्यावर घ्यावा, पुलावर उभं राहावं आणि सगळ्या गावाला बोलवावं, असं त्याला मनापासून वाटलं.

मग त्यानं हिशेब केला. शंभराला अजून तीसेक वर्षं कमी पडत होती. बापाचं नाव वर आलं, की बापाचा पूल खाली येणार होता.

जीप येऊन थांबली. तपासणीच्या स्नेहल म्याडम फाईल घेऊन उतरल्या.

"भागे, पाटा सुलटा कर," रखमाजी हळूच म्हणाला. "आन् लाव टाकी."

भागुबाईला वाचता येत नव्हतं, त्यामुळं तिनं काही विचारलं नाही. टक् टक् सुरू झालं.

"दगड नाहीच ना मिळाला, आबा?" म्याडम बाकड्यावर टेकत म्हणाल्या. "हरकत नाही. गावातल्या जुन्या माणसाचा जबाबही चालतो. तुम्ही सांगा, पूल कोणी आणि कधी बांधला?"

रखमाजीनं पुलाकडं पाहिलं. दोन पोरी सायकलवरून हसत कमानी ओलांडत होत्या. टाकीचा एकेक घाव त्याच्या छातीत बसत होता.

"इंग्रजांनी, म्याडम. शंभर वर्सं हून गेली," तो म्हणाला. "आपल्या मानसांना कुठं जमतंय आसलं?"

"तेच ना. काम बघूनच कळतं," म्याडम लिहिता लिहिता म्हणाल्या आणि त्यांनी कागद पुढं केला. "इथं सही करा. पूर्ण नाव लिहा हं, वडिलांच्या नावासकट."

रखमाजीनं पेन घट्ट धरलं आणि एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं: रखमाजी म्हाळू कोळपे.

पुलाच्या सरकारी कागदावर म्हाळूचं नाव लागलं ते असं.